सहा हजार गिऱ्हाइकं आणि मसाला कुणालाच नको

नमस्कार मॅडम,

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. तीन वर्षांपूर्वी मुलानं वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्याला जोडायचं ऑनलाइन दुकान) टाकून वेबसाइट करून दिली. मालवणी, आगरी, गोडा असे मसाले, शिवाय हळद आणि तिखट. उन्हाळ्यातला कांडपाचा सीझन सोडला तर दिवसाला पाच-सहा ऑर्डरी येतात आणि आम्ही त्यात खूश असतो.

फेब्रुवारीपासून साइटवर ग्राहक धडाधड वाढायला लागले. साडेनऊशेचे सहा हजार झाले. पाच हजार झाले त्या दिवशी मिस्टरांनी गल्लीत पेढे वाटले. पण ऑर्डरी होत्या तेवढ्याच. यादी उघडली तर नावं कसली, नुसती अक्षरांची भेळ. काही नावांच्या जागी रशियन अक्षरं आणि एक लिंक. त्यातच आता खऱ्या गिऱ्हाइकांना ऑर्डरचा मेल मिळत नाही, ती फोन करून विचारतात. शिवाय गेल्या महिन्यात कॅश ऑन डिलिव्हरीची अकरा पार्सलं परत आली. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च आमच्या गळ्यात.

मिस्टर म्हणतात, हे शेजारच्या दुकानदाराचं काम. मुलगा म्हणतो, बाहेरचे देश ब्लॉक करू. साइटची देखभाल बघणारा माणूस म्हणतो, सगळ्यांना ओटीपी लावा. ही सहा हजार खाती काढून टाकू का? काढली तर काही बिघडेल का?

– लालबागची एक मसालेवाली

ताई,

पेढ्यांचं वाईट वाटून घेऊ नका. पुण्यातल्या एका साडीवालीनं याच कारणासाठी सत्यनारायण घातला होता.

तुमचं पत्र वाचताना मी सहा हजारांवर अडले नाही, अडले ते मधल्या एका वाक्यावर. खऱ्या गिऱ्हाइकांना ऑर्डरचा मेल मिळत नाही, हे तुम्ही जाताजाता लिहून टाकलंय. दुखणं तिथं आहे. खोटी खाती नुसती पडून राहिली असती तर ती फुकट्या पाहुण्यांसारखी असती, जागा अडवणारी. पण ती तुमच्या घरात बसून तुमच्या नावानं पत्रं पाठवतायत.

कशी ते सांगते. कुणी खातं उघडलं की तुमची साइट आपणहून मेल धाडते: ‘नमस्कार अमुक, आमच्या मसाल्याच्या दुकानात स्वागत.’ आता या ‘अमुक’च्या चौकटीत कुणी लिहिलं ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे दाबा’ आणि पुढे लिंक. मेलच्या चौकटीत टाकला पोलंडमधल्या कुणा अनोळखी बाईचा पत्ता. झालं. तुमचंच दुकान त्या बाईला लिहितं की नमस्कार, तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे दाबा. पाकीट तुमचं, शिक्का तुमचा, टपालखर्च तुमचा. आतली चिठ्ठी भामट्याची. त्याला स्वतःचा मेल सर्व्हर ठेवायची गरज नाही, कारण तुमच्यासारखी हजारो प्रामाणिक दुकानं त्याचं टपाल फुकटात वाहतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

ती बाई बिचारी काय करणार? ती ‘स्पॅम’चं बटण दाबते. अशी पुष्कळ बटणं दाबली गेली की जीमेलसारख्या मेल कंपन्या तुमच्या डोमेनकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या दुकानाच्या नावाकडे, संशयानं बघायला लागतात. गूगलनं फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली, म्हणजे हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत. तुम्ही एवढे मेल पाठवत नाही, पण संशय घ्यायची रीत तीच. मग परळच्या एखाद्या काकूंनी खरोखर मागवलेल्या दोन किलो मालवणी मसाल्याची पावतीसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडते.

म्हणून आजच्या आज, दुकान बंद करण्याआधी एक काम करा. वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये ईमेल्सचं पान आहे. तिथे ‘न्यू अकाउंट’ नावाचा मेल दिसेल, तो बंद करा. ऑर्डरचे मेल वेगळे असतात, त्यांना हात लावू नका. हा एक मेल बंद केला की भामट्याचं टपाल थांबलं. खाती येत राहतील, पण त्यांची नांगी मोडलेली असेल. मुलाला एवढंच सांगा की नावाच्या चौकटीत ‘एचटीटीपी’, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ किंवा तिरकी रेघ आली तर फॉर्म घ्यायचाच नाही. नावात तिरकी रेघ असलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पण इंग्रजी सोडून बाकी लिपी बंद कर, असं चुकूनही सांगू नका. तुमची निम्मी गिऱ्हाइकं नाव मराठीत टाइप करत असतील.

आता मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. तुमच्या दुकानाला खाती लागतात कशाला?

लालबागच्या गाळ्यावर बाई आली, बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडली, डंखावर कांडून घेतली, पैसे दिले, निघाली. तुम्ही तिला सांगता का, आधी माझ्या वहीत सही कर, पासवर्ड ठेव, मग मिरची दाखवते? मसाल्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतं. पुढच्या मे महिन्यात त्याला स्वतःचा पासवर्ड आठवणार नाही. ते ‘फरगॉट पासवर्ड’ दाबेल, तो मेल स्पॅममध्ये जाईल, मग ते वैतागून दुसरीकडून घेईल. खात्याची गरज रोज भाजी मागवणाऱ्याला असते, उधारीवर माल उचलणाऱ्या हॉटेलवाल्याला असते. बाकीच्यांना नाव, पत्ता, फोन आणि पैसे एवढं पुरतं.

वूकॉमर्समध्ये ‘अकाउंट्स अँड प्रायव्हसी’ असं पान आहे. तिथे ‘गेस्ट चेकआउट’ला टिक करा, म्हणजे खात्याशिवाय ऑर्डर देता येईल. ‘माय अकाउंट’ पानावर खातं उघडू देण्याची टिक काढा. ज्याला खातं हवंच आहे त्याला ऑर्डर देता देता उघडू दे. मसाला घेतल्याशिवाय वहीत नाव नाही, असा नियम झाला. माझ्या मते तुमचं ऐंशी टक्के दुखणं इथेच जाईल, सुंठीवाचून.

या गडबडीत एक दार हमखास उघडं राहतं. वूकॉमर्सचं दार लावलं तरी वर्डप्रेसचं स्वतःचं वेगळं दार असतं. सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ पानावर ‘एनीवन कॅन रजिस्टर’ अशी टिक आहे, तीही काढा. तिथेच खाली नव्या माणसाला कोणता दर्जा मिळतो ते लिहिलेलं असतं. ते ‘सबस्क्रायबर’ किंवा ‘कस्टमर’ असायला हवं. वापरणाऱ्यांच्या यादीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’वर दाबून बघा, किती नावं निघतात ते मोजा. तुम्ही, मुलगा आणि देखभालवाला मिळून तीन. चौथं निघालं तर हे पत्र बाजूला ठेवा, आधी सगळे पासवर्ड बदला आणि देखभालवाल्याला झोपेतून उठवा.

मिस्टरांचा संशय मी समजू शकते. बाजारात वर्षानुवर्षं शेजारी बसल्यावर एकमेकांवर डोळा जातोच. पण बॉटला लालबाग कुठे आहे हे ठाऊक नसतं, मिरचीही ठाऊक नसते. बॉट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो इंटरनेटभर फिरून नाव आणि ईमेल मागणारा फॉर्म शोधतो आणि सापडला की भरतो. तुमचा सापडला, बस्स. शेजाऱ्याशी या कारणावरून बोलणं तोडू नका. त्यांची वेबसाइट असेल तर त्यांनाही हाच ताप चालू असण्याची शक्यता जास्त आहे.

बॉटचा आणखी एक उद्योग सांगून ठेवते, कारण त्यावरून तुम्हाला कधी तरी रागावलेलं पत्र येईल. समजा कुणी एखाद्याच्या कार्डाचा नंबर चोरला आणि महागडी खरेदी केली. खरेदीचा मेल त्या माणसाला येणारच. तो त्याच्या नजरेला पडू नये म्हणून चोर काय करतो? त्याचा मेल पत्ता शेकडो दुकानांच्या फॉर्मांत भरून टाकतो. तासाभरात पाचशे ‘स्वागत आहे’ येतात आणि त्या ढिगाऱ्यात तो एक महत्त्वाचा मेल गाडला जातो. उद्या कुणी तुम्हाला लिहिलं, ‘मी तुमच्याकडे कधी खातं उघडलं? बंद करा हे’, तर त्याच्यावर उलटू नका. त्याला सांगा, आधी बँकेचं स्टेटमेंट बघा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तुमचा एक मेल त्याचे पैसे वाचवू शकतो.

आता कुलूपकिल्ली. चेकआउटचा फॉर्म तर उघडाच राहणार, त्याला काही तरी राखण हवीच.

मला सगळ्यात आवडणारा उपाय सगळ्यात जुना आणि फुकट आहे. त्याला ‘हनीपॉट’ म्हणतात, आपण मधाचं बोट म्हणू. फॉर्ममध्ये एक जास्तीची चौकट टाकायची आणि ती माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही अशी लपवायची. माणूस ती भरणार नाही, कारण त्याला ती दिसतच नाही. बॉट पान डोळ्यांनी बघत नाही, कोड वाचतो. त्याला चौकट दिसली की तो भरतो. भरली की पकडला. मुलाला दोन गोष्टी सांगा. त्या चौकटीला ‘फोन’ किंवा ‘ॲड्रेस’ असं नाव देऊ नकोस, नाही तर ब्राउझर आपणहून भरून टाकेल आणि खरं गिऱ्हाईक पकडलं जाईल. आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला ती चौकट ऐकू येणार नाही, अशी सोय कर. याच्या जोडीला वेळ मोजायची. पान उघडल्यापासून एका सेकंदात नाव, पत्ता, पिन कोड भरून झाला तर तो माणूस नव्हे. माझी आई नुसता पिन कोड भरायला दोन मिनिटं घेते, चष्मा शोधण्यासकट.

समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखणाऱ्या छोट्या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. हा शब्द संगणकतज्ज्ञ लुई फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये रूढ केला. पूर्वी वाकडीतिकडी अक्षरं असायची, मग चित्रं आली. ‘फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा.’ अमेरिकेतल्या फुटपाथवरचा तो ठेंगणा नळ आपल्या काकूंनी कुठे बघितलाय? त्या मसाला घ्यायला आल्या होत्या, परीक्षेला नाही. म्हणून चित्रांचा कॅप्चा लावू नका. न दिसणारे प्रकार आता मिळतात. गूगलचा रीकॅप्चा तिसरी आवृत्ती २०१८पासून आहे. तो कुणाला काही विचारत नाही, वागणुकीवरून शून्य ते एक असे गुण देतो. शून्याकडे झुकला तर यंत्र, एकाकडे झुकला तर माणूस. क्लाउडफ्लेअरचा टर्नस्टाइलही चित्रं दाखवत नाही. यातलं कुठलंही एक घ्या. दोन्ही लावू नका, साइट अडखळते.

पण इथे एक चूक इतक्या जणांच्या साइटवर बघितली आहे की थोडं थांबून सांगते. कॅप्चा पानावर दिसतो, हिरवी टिक येते, मालक समाधानी. आणि बॉट येतच राहतात. कारण बॉट पान उघडतच नाही. तो फॉर्म जिथे जमा होतो त्या पत्त्यावर थेट माहिती पाठवतो. कॅप्चानं दिलेली ‘हा पास झाला’ अशी चिठ्ठी खरी आहे का, हे सर्व्हरनं स्वतः तपासायला हवं, आणि चिठ्ठी नसेल तर फॉर्म परत फेकायला हवा. पुष्कळ जण पहिला अर्धा भाग करतात आणि दुसरा विसरतात. खिडकीला गज बसवले आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. देखभालवाल्याला हाच प्रश्न विचारा: ‘चिठ्ठी सर्व्हरवर तपासतोस ना?’ तो जरा वेळ गप्प राहिला तर समजून जा. आणि पैसे घेऊन दिवसभर कॅप्चा सोडवून देणारी माणसंही जगात आहेत. तेव्हा कॅप्चाला कडी समजा, तिजोरी समजू नका.

ओटीपीबद्दल तुमच्या देखभालवाल्याशी माझं पटत नाही. सगळ्यांना ओटीपी म्हणजे प्रत्येक एसेमेसचे पैसे तुमचे. शिवाय असे एसेमेस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार कंपनीची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करावी लागते. ती करून घेता येते, अवघड नाही. पण ओटीपीचं बटण उघड्यावर ठेवलं की बॉट तेच बटण रात्रभर दाबत बसतात. एसेमेसच्या पैशात वाटा मिळवण्यासाठी मुद्दाम असं करणाऱ्या टोळ्या आहेत. सकाळी उठून बघाल तर रिचार्ज संपलेला. म्हणून ओटीपी फक्त कॅश ऑन डिलिव्हरीला लावा, आणि एका नंबरवर तासाला तीनपेक्षा जास्त पाठवू नका. ज्यानं आधी पैसे भरले त्याला कशाला विचारायचं तू खरा का म्हणून? पैसे खरे आहेत ना.

त्या अकरा पार्सलांकडे येते. इथे मला तुमच्या घरातल्या तिघांनाही एक गोष्ट सांगायची आहे: हे दुखणं वेगळं आहे. फेब्रुवारीपासूनची हजारो खाती यंत्राची. अकरा पार्सलं बहुतेक माणसांची. यंत्राला दारात आलेलं पार्सल नाकारून काय मिळणार? त्यात कुणी चेष्टा केली असेल, कुणी दोन ठिकाणी मागवून जे आधी आलं ते घेतलं असेल, कुणाचा विचार बदलला असेल, आणि एखादी बाई खरोखर गावी गेली असेल. मे महिन्यात अर्धी मुंबई कोकणात असते, पार्सल घेणार कोण? सोसायटीचा वॉचमन ‘मॅडम नाहीत’ म्हणतो आणि कुरिअरवाला ‘ग्राहकाने नाकारले’ असं लिहून मोकळा होतो. म्हणून एक पार्सल परत आलं की त्या नंबरावर कायमची फुली मारू नका. दोन आली की पुढची ऑर्डर फक्त आगाऊ पैशांवर घ्या.

तुमच्या हातात असलेली चांगली चाळणी म्हणजे पिन कोड. आपल्याकडे तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि अजून इमानेइतबारे काम करतो. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४नं सुरू होतात (मध्ये ४०३ म्हणजे गोवा), मुंबईचे ४००नं. शहर ‘मुंबई’ आणि पिन ४११नं सुरू, म्हणजे पुण्याचा, असं दिसलं तर पार्सल बांधण्याआधी फोन करा. पत्त्यात इमारतीचं नाव नाही, नुसतं ‘शिवाजी पार्कसमोर’ लिहिलंय, तरी फोन करा. खरं गिऱ्हाईक रागावत नाही, उलट ‘जरा तिखट जास्त घाला’ म्हणून सांगतं. पहिल्यांदा मागवणाऱ्याला कॅश ऑन डिलिव्हरीची मर्यादा घाला, समजा आठशे रुपये. त्याहून जास्तीची ऑर्डर असेल तर पन्नास रुपये यूपीआयनं आगाऊ आणि बाकीचे दारात. फुकटात चेष्टा करणारा माणूस पन्नास रुपये भरून चेष्टा करत नाही.

मुलाचा ‘देश ब्लॉक करू’ हा विचार ऐकायला जोरदार आहे, पण त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची भीती आहे. दुबईतला भाचा, न्यू जर्सीतली लेक, हे तुमचे सगळ्यात मोठ्या ऑर्डरीचे लोक. तिकडून पैसे भरायचे आणि मसाला आईच्या पत्त्यावर गिरगावात पाठवायचा, हा आपला जुना रिवाज. देश बंद केलात तर तेच अडकतील. बॉट मात्र भारतातल्या एखाद्या संगणकाच्या आडून येईल. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे ओळख-नंबर, ब्लॉक करतानाही हात जपून. मोबाईल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच आयपी पत्ता वापरायला देतात. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये उभ्या उभ्या मसाला मागवणारी बाई आणि तिच्या दोन डबे पुढचा कुणी उपद्व्यापी, दोघं तुमच्या सर्व्हरला एकच दिसू शकतात. म्हणून ‘एका आयपी पत्त्यावरून तासाला एकच ऑर्डर’ असले नियम नकोत. दहा-पंधराच्या वर गेलं तर अडवा, आणि अडवायचं म्हणजे कॅप्चा दाखवा, दार बंद करू नका. तीच गोष्ट घराच्या पत्त्याची. एका चाळीतून एका दिवशी पाच ऑर्डरी आल्या तर ती फसवणूक असेलच असं नाही. मजल्यावरच्या बायकांनी मिळून ठरवलेलं असू शकतं.

परदेशी कार्डं चालू ठेवणार असाल तर एका गोष्टीवर नजर असू द्या. आपल्या देशातल्या कार्डाला ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, रिझर्व्ह बँकेनं ती २००९पासून सक्तीची केली आहे. परदेशी कार्डाला ती प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. त्यामुळे चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला बॉट छोट्या दुकानात येतात आणि सगळ्यात स्वस्त वस्तू उचलतात. तुमच्याकडे पन्नास ग्रॅम हळदीची पुडी असेल ना? एखाद्या रात्री त्या पुडीवर शंभर-दोनशे फसलेले व्यवहार दिसले तर हळदीला अचानक भाव आलेला नाही. त्याच वेळी पेमेंट गेटवेला, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीला, कळवा, आणि परदेशी कार्डासाठी कमीत कमी ऑर्डरची रक्कम ठेवा. यशस्वी झालेल्या दोन-चार ऑर्डरी असतील तर माल पाठवू नका, पैसे आपणहून परत करा. नाही तर खरा कार्डधारक तक्रार करेल आणि वरून गेटवे तुम्हालाच दंड लावेल.

नव्या खात्याला दहा टक्के सूट, असं काही चालू असेल तर तेही बंद करा. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, आणि अधिकचं चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिलं तरी मेल त्याच माणसाला जातो. म्हणजे एका पत्त्यातून एकाच माणसाला पन्नास ‘नवीन’ गिऱ्हाइकं होता येतं. त्यापेक्षा पार्सलात एक छापील कार्ड टाका, पुढच्या खेपेला सूट. पार्सल पोचलं म्हणजे माणूस खरा.

आता तुमचा मूळ प्रश्न, खाती काढू का. काढा, पण सगळ्यात शेवटी. आधी दारं लावा, नाही तर सकाळी झाडलं आणि दुपारी पुन्हा पाचोळा. काढण्याआधी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवा. वर्डप्रेसमध्ये काढलेलं खातं कचरापेटीत जात नाही, गेलं ते गेलंच. नियम साधा ठेवा: फेब्रुवारीपासून उघडलेलं आणि एकही ऑर्डर नसलेलं. ज्याच्या नावावर एक जरी ऑर्डर असेल त्याला हात लावू नका, नाव कितीही विचित्र असो. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं आडनाव इतकं अनोखं आहे की प्रत्येक कॉम्प्युटर त्यांना खोटं ठरवतो. फेब्रुवारीआधीच्या साडेनऊशेमधले ऑर्डर नसलेले तसेच राहू द्या. वूकॉमर्समध्ये निष्क्रिय खाती आपोआप काढायचीही सोय आहे, पण तुमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं हे विसरून तिथे सहा महिने लिहू नका. दोन वर्षं लिहा.

आणि कुणी कितीही सुचवलं तरी त्या सहा हजारांना ‘तुम्ही खरे ग्राहक आहात का? इथे दाबा’ असा मेल पाठवू नका. त्यातले पुष्कळ पत्ते ओढूनताणून आणलेल्या खऱ्या माणसांचे आहेत. ते पुन्हा स्पॅमचं बटण दाबतील आणि तुमचं डोमेन आणखी बदनाम होईल. जाहिरातीचे मेल पाठवायची वेगळी सेवा घेतली असेल तर तिथूनही ही नावं काढा, कारण त्या सेवा नावामागे पैसे घेतात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच अंगानं जातो: ज्याचं काम उरलं नाही ती लोकांची माहिती साठवून ठेवू नये.

मेलची अब्रू परत यायला थोडे आठवडे जातील. तोवर देखभालवाल्याकडून डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तपासून घ्या. मेल खरंच तुमच्या दुकानातून निघाला, याचे हे दाखले असतात. मधल्या काळात ऑर्डर आली की व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, म्हणजे फोन कमी येतील. बॉट लगेच जाणार नाहीत. बंद दारावर ते काही दिवस टकटक करतात. नोंदींमध्ये ते दिसलं तर घाबरू नका.

दारं लावून झाल्यावर स्वतःच एक ऑर्डर टाका, तुमच्या बहिणीच्या जीमेलवरून आणि एक याहूवरून. पावती इनबॉक्समध्ये आली तर बरं. स्पॅममध्ये गेली तर जीमेलमधला तो मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबा, त्यातला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या ओळींचा फोटो काढा आणि मला पाठवा. त्या ओळी दिसल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.